दहा मिनिटांची देवपूजा

सकाळची गाडी गाठणाऱ्या माणसाची देवपूजा आदल्या रात्रीच सुरू होते. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की ताम्हन, पळी, पंचपात्री घासून पालथी घालायची. निरांजनात तुपाची फुलवात बसवून ठेवायची, शेजारी काड्यापेटी. एवढं झालेलं असलं की सकाळी आंघोळ करून आल्यावर दहा-बारा मिनिटांत पूजा होते. नसलं तर काड्यापेटी शोधण्यातच निम्मा वेळ जातो आणि त्याचा राग घरातल्या माणसांवर निघतो.

आमचा देव्हारा फ्रीजशेजारच्या भिंतीवर आहे. त्यात गणपती, लग्नात माहेरहून आलेली अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, खंडोबा आणि भवानीचे चांदीचे टाक, शंख, घंटा. दिवा लावायचा, निर्माल्य उतरवायचं, देव ताम्हनात घ्यायचे, पळी-पळीने पाणी घालून मऊ फडक्याने टिपायचे. मूर्ती पटकन कोरड्या होतात. वेळ खातात ते टाक. उठावाच्या खाचांत कालचं कुंकू ओलं होऊन बसतं आणि तसंच राहिलं तर चांदी काळवंडते. फडक्याचं टोक पीळ देऊन नखाने खाचेतून फिरवायचं, म्हणजे खंडोबाच्या घोड्याचे पाय पुन्हा दिसू लागतात.

मग सहाण. तिच्यावर पाण्याचे दोन-तीन थेंब, चंदनाचं खोड उभं धरायचं आणि एकाच दिशेने गोल फिरवायचं. पाणी जास्त झालं की गंध देवाच्या कपाळावरून ओघळतं, कमी झालं की खोड नुसतं खरखरतं. बोट उलटं केल्यावर थेंब पडला नाही म्हणजे गंध जमलं. या कामाला घाई चालत नाही. जोर लावला म्हणून लवकर उगाळून होत नाही, खोड तेवढं निसटतं. अष्टगंधाची डबी घरात आहे, पण सगळ्या पूजेत हात आपोआप संथ होतो तो इथेच. म्हणून वेळ कमी असेल त्या दिवशी मी बाकी काहीही गाळतो, सहाण गाळत नाही.

आणि गाळायला मुभा आहे. षोडशोपचार पूजेत आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंत 16 उपचार. पुरुषसूक्ताच्या 16 ऋचा एकेका उपचाराला म्हणायच्या अशी रीत. पण त्याच परंपरेत पंचोपचार पूजाही सांगितली आहे : गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य, बस्स. वस्त्र नसेल तर वस्त्राच्या नावाने अक्षता वाहा, अलंकार नसतील तर त्यांच्याही नावाने अक्षता. बेल आणि तुळस शिळी होत नाही, धुऊन पुन्हा वाहिली तरी चालते. प्रवासात काहीच हाताशी नसेल तर मानसपूजा आहेच. शंकराचार्यांच्या नावावर असलेलं शिवमानसपूजा स्तोत्र सगळे उपचार मनातच करवतं. एवढं करूनही काही राहिलंच तर शेवटी क्षमाप्रार्थना. ज्यांनी हे नियम केले त्यांच्या घरीही सकाळी धावपळ असणार, अशी मला दाट शंका आहे.

फुलांचं काम फुलपुडीवाल्यानं सोपं केलंय. माझा फुलपुडीवाला दादरच्या फूलबाजारातून पहाटे माल उचलतो. पुडीत दोन-चार झेंडू, शेवंती, तुळशीची डहाळी, जास्वंदीची मिटलेली कळी. सोमवारी बेल, मंगळवारी दूर्वा आणि लाल फूल, हे सांगावं लागत नाही. पैसे महिन्याचे महिन्याला. पुडी पूर्वी पानात बांधलेली असायची, आता पातळ पिशवीत येते, आणि तीच पिशवी निर्माल्यासकट तळ्यावर जाते. हे मात्र बंद व्हायला हवं. दोरा आणि पिशवी वेगळी काढली तर बाकी सगळं कुंडीत जिरतं.

उदबत्ती, निरांजन, घंटा. नैवेद्याला साखर किंवा दूध. वाटीखाली पाण्याचं चौकोनी मंडल, वर तुळशीचं पान, तेही गणपतीच्या नैवेद्याला नाही. संपलं. ताम्हनाला चिंच-मीठ लावून लखलखीत करायचं ते रविवारी. पावसाळ्यात तांबं दोन दिवसांत काळं पडतं, पडू द्यावं.

रोजची पूजा सुटलेली घरं मी बरीच पाहिली. कारण विचारलं की सगळे वेळ नाही म्हणतात. देव्हारा उघडून पाहिला तर आत गर्दी : शिर्डीची तसबीर, अक्कलकोटची तसबीर, गाणगापूरच्या पादुका, वास्तुशांतीला आलेले तीन गणपती, कुणीतरी दिलेली यंत्रं. एवढ्यांना पाणी घालायचं तर अर्धा तास हवाच, मग आज राहू दे, उद्या राहू दे, आणि शेवटी विजेचा दिवा चोवीस तास जळत राहतो. तसबिरी भिंतीवर लावा, जादाचे गणपती मागणाऱ्याला द्या. देव्हाऱ्यात तेवढेच ठेवा ज्यांना रोज हाताने धुऊन पुसता येईल. आणि नव्या घरात देव्हाऱ्याची जागा ठरवत असाल तर ईशान्य दिशा बघा, पण नळ किती लांब आहे तेही बघून घ्या.