कंपनीच्या ज्ञानाची वही कोणती?

जाणकार कर्मचारी नोकरी सोडतो, तेव्हा त्याच्यासोबत अनुभवाचे गाठोडेही जाते. ते कार्यालयातच राहावे, यासाठी अनेक कंपन्या ‘विकी’चा आधार घेतात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. कोणीही लिहावे, चुकल्यास दुसऱ्याने सुधारावे आणि प्रत्येक बदलाची नोंद राहावी, हे तिचे सूत्र. प्रश्न आहे तो निवडीचा.

विकिपीडिया ज्यावर चालतो, ते ‘मीडियाविकी’ मोफत व मुक्तस्रोत आहे. परंतु सर्वांनी सर्व काही वाचावे, या कल्पनेवर ते बेतलेले आहे. त्यामुळे वेतन किंवा करारांची गोपनीय पाने त्यात ठेवणे धोक्याचे. ‘डोकुविकी’ही मोफत आहे. तिला डेटाबेस लागत नाही. मजकूर साध्या फायलींत राहतो आणि कोणी काय वाचावे, हेही ठरवता येते. लहान कार्यालयांना ती सोयीची.

अ‍ॅटलासियनचे ‘कॉन्फ्लुअन्स’ हाताळण्यास सोपे. प्रत्येक पानाचे अधिकार वेगळे ठेवता येतात. मात्र, वापरणारे वाढले की शुल्कही वाढते. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या ‘सर्व्हर’ आवृत्तीचे साहाय्य बंद झाले आणि ती वापरणाऱ्यांना दुसरा मार्ग शोधावा लागला.

म्हणूनच खरेदीपूर्वी किमतीइतकेच एक पाहावे : उद्या प्रणाली बदलायची झाल्यास मजकूर जसाच्या तसा बाहेर काढता येईल का? आणि प्रत्येक पानाला एक जबाबदार व्यक्ती नेमावी. अन्यथा कोणतीही विकी जुन्या कागदांची अडगळच ठरेल.