गुरुजींचा मोर्चा कुणासाठी?

पगार, पेन्शन आणि बदली. शिक्षक संघटना म्हटलं की आपल्या डोक्यात एवढंच येतं. पण कबनूरसारख्या यंत्रमागाच्या गावात वर्गात बसलेलं पोरगं सरकारी कागदावर मोजलंच गेलं नाही, तर त्याच्यासाठी भांडायचं कुणी?

१४ मार्च २०२३. राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गल्लीतल्या पोरांनाही पाठ झाली. २० मार्चला संप मिटला. त्या सात दिवसांत कोल्हापुरात आणखी एक मोर्चा निघाला होता, तो मात्र संपाच्या विरोधात. काढणारी पोरं आपल्याच वयाची होती. बेरोजगार, डिग्री घेऊन बसलेली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : यांना एवढं मिळतंय तरी कमी पडतं, आम्ही निम्म्या पगारात काम करायला तयार आहोत.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस यावरून नुसती जुंपली होती. एकीची आई शिक्षिका, दुसऱ्याचे वडील कांडीवाले. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण त्या भांडणात एकाने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. संघटना स्वतःसाठी भांडतात हे ठीक, त्या पोरांसाठी कधी भांडतात काय?

इंटर्नशिपमध्ये विषय निवडायला सांगितला, तेव्हा हाच निवडला. आणि उत्तर शोधायला लांब जायची गरज नव्हती, कारण मी कबनूरची.

खडखडाट आणि पट

ज्यांना कबनूर माहीत नाही त्यांच्यासाठी : इचलकरंजीतून बाहेर पडताना शहर कुठं संपलं आणि कबनूर कुठं सुरू झालं, हे नवख्याला कळत नाही. मागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच. फरक कागदावर आहे. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली, कबनूर अजून ग्रामपंचायतच आहे. म्हणजे अलीकडची शाळा महापालिकेची आणि पलीकडची जिल्हा परिषदेची.

इथं बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. आई-बाप दोघं कामावर, कुणी मागावर, कुणी वहिफणीला, कुणी घडीवर. घरात मराठी बोलणारे आहेत, तसे कानडी, दखनी, हिंदी बोलणारेही. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कर्नाटकातून आलेली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहतात. सूत महागलं, माग बंद पडले की खोली सोडून निघून जातात. तेजी आली की परत येतात. सोबत पोरं.

अशा पोराला शाळेत घ्यायचं कसं? कायदा सोपा आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला कागद नाहीत म्हणून दारातून परत पाठवता येत नाही. आमच्याकडचे गुरुजी आणि बाई ते करतही नाहीत. उलट जूनमध्ये खोल्या-खोल्यांतून फिरून पोरं गोळा करतात. (हे मी लहानपणापासून बघत आलेय. आमच्या गल्लीत बाई आल्या की काही पोरं माडीवर लपायची.)

अडचण पुढं येते. पोरगं वर्गात बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं. पण शाळेला शिक्षक किती मिळणार हे ठरवणाऱ्या हिशेबात ते असेलच असं नाही.

आधार नाही, मग मोजणी नाही

या हिशेबाला म्हणतात संचमान्यता. शिक्षकांच्या घरात हा शब्द जेवणाच्या ताटावरसुद्धा ऐकू येतो, बाहेर कुणाला त्याचा पत्ता नसतो. सोप्या भाषेत सांगायचं तर ३० सप्टेंबरचा पट बघायचा आणि त्यावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे ते ठरवायचं. पट कमी, तर शिक्षक ‘अतिरिक्त’. म्हणजे त्याची दुसरीकडे रवानगी.

मध्यंतरी या पटाला आधारची अट जोडली गेली. ऑनलाइन नोंदीत ज्याचं आधार जुळलं, ते पोरगं धरायचं. आधार नसेल, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल, जन्मतारीख चुकली असेल तर नोंद ‘इनव्हॅलिड’. बोगस पट दाखवणाऱ्या शाळांना चाप बसावा हा हेतू, आणि तो चुकीचा नाही. खोटी नावं लावून तुकड्या मंजूर करून घेतल्याची प्रकरणं राज्यात झालेली आहेत.

पण बघा, आधार कुणाचं जुळत नाही? ज्याच्या बापाकडे पक्का पत्ता आहे, जन्मदाखला फाईलमध्ये आहे, त्याचं जुळतं. जुळत नाही ते खोली बदलणाऱ्याचं. गावाकडं बाळंतपण घरीच झालेल्याचं. ज्याचं आडनाव तिकडं एक आणि इकडं शाळेत भलतंच लागलंय, त्याचं. म्हणजे ज्या वर्गाला शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, त्याच वर्गाचा शिक्षक कमी व्हायची भीती.

आणि ३० सप्टेंबर ही तारीखही गंमतच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोड कधी सुरू होते? दिवाळीच्या आगेमागे. बीड, विजापूरकडच्या टोळ्या फडात उतरतात तेव्हा पटाची तारीख उलटून गेलेली असते. त्यांच्या पोरांसाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ आहे, गावची शाळा ते देते आणि इथली शाळा त्यावर पोराला बसवून घेते. छान सोय आहे. फक्त ते पोरगं सप्टेंबरच्या पटात इथं नसतं, आणि जानेवारीत गावच्या वर्गातही नसतं.

हा मुद्दा शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या संघटनांनी लावून धरला. प्रत्यक्ष हजर असलेली सगळी मुलं धरा, आधारवर अडवू नका, ही मागणी त्यांच्या निवेदनांत वारंवार आली. तुम्ही म्हणाल, त्यात त्यांचा स्वार्थ आहेच की, पट धरला तर त्यांची जागा वाचते. आहेच. माझं म्हणणं एवढंच की इथं गुरुजींचा स्वार्थ आणि पोराचा हक्क एकाच बाकावर बसलेत. असं दरवेळी होत नाही. होतं तेव्हा ते ओळखावं.

वीसच्या आतलं पोरगं

१५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे नवे निकष आले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर तिथं नियमित शिक्षकच मंजूर होणार नाही, असा संघटनांचा मुख्य आक्षेप. कायद्याचं परिशिष्ट काढून बघितलं तर तिथं पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक आणि सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागं किमान एक शिक्षक असं लिहिलंय. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना प्रत्येकी निदान एक.

हा जीआर कबनूरपेक्षा शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या वाड्या-वस्त्यांना जास्त झोंबणारा. आमच्याकडं वर्ग भरलेले असतात. पण डोंगरातल्या वाडीत सातवीला सहा पोरं असतील, तर त्यातल्या पोरींचं काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पोरगा सायकल मारत पलीकडच्या गावाला जाईल. पोरगी घरी बसेल.

त्यात ५ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचा निर्णय निघाला. २५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. वीसची अट त्याआधीच दहावर आली होती आणि पुढं २०२५ मध्ये तो कंत्राटी निर्णय मागं घेतला गेला. संचमान्यतेचा जीआर मात्र राहिला. ५ डिसेंबर २०२५ ला पुन्हा शाळा बंद ठेवून आंदोलन झालं, त्यातही तो होता. पण त्या दिवशीच्या बातम्या कशावर झाल्या? टीईटीवर. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्यांना दोन वर्षांत पास व्हावं लागणार आहे. साहजिकच नोकरीचा प्रश्न पुढं आला आणि वीसच्या आतलं पोरगं मागण्यांच्या यादीत खाली सरकलं.

इथं मला संघटनांवर राग येतो. यादी तीच असते, पण पहिल्या नंबरला काय लिहिता यावरून लोक तुम्हाला ओळखतात.

शिकागोतला संप

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या शिक्षकांनी संप केला. शाळेचे अकरा दिवस बुडाले. पगार होताच मागणीत, पण त्याच्या जोडीला प्रत्येक शाळेत नर्स आणि समाजसेविका हवी, वर्गातली गर्दी कमी करा, बेघर विद्यार्थ्यांच्या घरांचा प्रश्न सोडवा, हेही होतं. शहराच्या महापौर बाईंनी सुरुवातीला सांगितलं की घराचा प्रश्न शिक्षकांच्या करारात येत नाही. शेवटी नर्स आणि समाजसेविकेची गोष्ट लेखी करारात आली. पालक मोठ्या संख्येने संपाच्या बाजूने उभे राहिले, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडं असं कधी झालंच नाही असं नाही. विशेष शिक्षकांचं उदाहरण घ्या. अंध, कर्णबधिर, गतिमंद मुलांना साध्या शाळेत बसता यावं म्हणून हे शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर शाळा-शाळा फिरत होते. आंदोलनं झाली, कोर्टकज्जे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा अशा मुलांमागं एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागं एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. २०२४ मध्ये राज्याने प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० पदांचा निर्णय घेतला. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा येतात. म्हणजे कबनूरमधल्या कर्णबधिर पोरीच्या वाट्याला ही मॅडम आठवड्यातून एखाद्या वेळी येणार. कमीच आहे. पण आधी तेही पक्कं नव्हतं, आणि ते मिळालं ते नोकरी टिकवायला भांडणाऱ्या शिक्षकांमुळेच.

ज्यावर मोर्चा निघत नाही

काही गोष्टींवर मात्र संघटना गप्प असतात. शिक्षक बँकेची निवडणूक आली की आमच्या जिल्ह्यात कसलं वातावरण तापतं! पॅनेल, जेवणावळी, व्हॉट्सअॅपवर आरोप. त्या पॅनेलचे डिजिटल फलक नीट बघा. वर्गात शिकवणाऱ्यांत बाई किती आणि फलकावर किती? कोपऱ्यात दोन फोटो, राखीव जागेचे.

दुसरं, घरी दखनी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या पोराला पहिलीत मराठी शिकवायचं कसं, याचं प्रशिक्षण द्या म्हणून मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही. हे काम बायका-बायका आपसात करतात. एक बाई दुसरीला सांगते, त्या पोराच्या शेजारी दोन्ही भाषा येणारी पोरगी बसव. संघटनेच्या अधिवेशनात ठराव म्हणून हे यायला काय हरकत आहे?

तिसरं बोलू की नको कळत नाही, पण बोलते. किती शिक्षकांची स्वतःची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत? कबनूरमधले पालक हा प्रश्न तोंडावर विचारतात. खर्चीवाल्याचं पोरगं पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला जातं, शिक्षकाचंही जातं, मग ‘मराठी शाळा वाचवा’ हे कुणाला सांगता? काही शिक्षकांनी आपली पोरं आपल्याच शाळेत घातलीत, त्यांच्या शाळेचा पट वाढलेला दिसतो. संघटना यावर कुणाला जबरदस्ती करू शकत नाही, पण निदान या शिक्षकांचा सत्कार तरी करू शकते. सत्कार करण्यात आपण कुणाला हार जात नाही.

आणि एक गोष्ट आपल्याही बाजूची. हा कोल्हापूर जिल्हा आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवलं. त्यांच्या जयंतीला आपण डीजे लावतो. संचमान्यतेचा जीआर आपल्यापैकी किती जणांनी वाचलाय?

तो वाचायला दहा मिनिटं लागतात. गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक असतात, सभा ठरलेल्या असतात. मुख्याध्यापकांना जाऊन विचारता येतं : सर, वर्गात बसलेली पोरं किती आणि ऑनलाइन धरलेली किती? आधार केंद्रावर पोरांना घेऊन जायचं काम सध्या बाईच करतात, शिकवायचा तास सोडून. बारावी-पदवीची सुट्टी असलेली आपल्यासारखी चार पोरं-पोरी ते काम सहज करू शकतात. ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर ३० सप्टेंबरच्या आत कबनूरच्या एका गल्लीतल्या ‘इनव्हॅलिड’ नोंदी तरी उरकतील.