परसांतील हौद आणि गळणारीं पानें

फाल्गुनांतील एखाद्या पहांटे परसांतील हौदापाशीं गेलेल्या गृहस्थास एक चमत्कारिक दृश्य दिसतें. एरवीं कमळाच्या पानांखालीं हिंडणारे मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडीत-मिटीत असतात. बिचारे भुकेले झाले असें समजून तो कणकेच्या मूठभर गोळ्या त्यांस घालतो. आणि दुसऱ्या दिवशीं दोन-चार मासे उलथे होऊन तरंगतांना आढळतात. दोष उन्हाच्या माथीं बसतो. वस्तुतः त्या माशांस अन्न नको होतें, प्राणवायु हवा होता. आणि महिनाभर हौदांत पडत राहिलेल्या पानांपायीं तो सरत आला होता.

पिंपळाचें किंवा देशी बदामाचें वाळलेलें पान पाण्यावर पडलें कीं कांहीं काळ तरंगतें. मग भिजून जड होतें व तळाशीं बसतें. तेथें सूक्ष्म जंतु त्यास कुजवूं लागतात आणि या कामीं पाण्यांत विरघळलेला प्राणवायु खर्च होतो. शिवाय पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत हा वायु कमी मावतो. २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, तर ३० अंशांस सुमारें साडेसातच. पाणवनस्पति दिवसा प्राणवायु सोडतात, परंतु रात्रीं त्याही तो घेतात. म्हणून पहांटे त्याची टंचाई सर्वांत अधिक. अशा वेळीं घातलेलें अन्न न खाल्लें गेल्यास तेंही कुजतें व संकटांत भर घालतें.

यावर मुख्य उपाय एकच: पान बुडण्यापूर्वीं काढावें. बांबूच्या टोकास तारेचें कडें बांधून त्याला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवली कीं झालें साधन. पानगळीच्या दिवसांत तें सकाळ-संध्याकाळ फिरवावें. हौदावर जाळें ताणावयाचें असल्यास तें मध्यभागीं उंच ठेवावें, म्हणजे पानें कडेला घसरतात. हौदाचा कांठ जमिनीहून चार बोटें उंच असावा. त्यामुळें अंगणांतला केर व पावसाचा गढूळ लोट आंत येत नाहीं. कमळाचीं पिवळीं पडलेलीं पानेंही देठासकट कापून घ्यावीं.

तळाशीं पूर्वींच गाळ सांचला असेल तर तो थंडीच्या दिवसांत थोडाथोडा काढावा. उन्हाळ्यांत सगळा गाळ एकदम ढवळूं नये. त्यांत कोंडलेला, कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा विषारी वायु पाण्यांत मिसळतो. हौद पुरता रिकामाही करूं नये. नवें पाणी नळाचें असल्यास त्यांतील क्लोरीन उडून जाण्यासाठीं तें उघड्या पिंपांत दिवसभर ठेवावें. काढलेला गाळ प्रथम कांठावर सावलींत ठेवावा. चतुराच्या अळ्या त्यांतून पाण्यांत परततात, आणि त्या डांसांच्या अळ्या खातात. मग तोच गाळ झाडांच्या आळ्यांत घालावा. उत्तम खत होतें.

आणि एखाद्या पहांटे मासे तोंड वर काढून दिसलेच, तर अन्नाचा डबा बाजूस ठेवून साठविलेलें पाणी झारीनें उंचावरून हौदांत सोडावें. पडणाऱ्या धारांबरोबर हवा पाण्यांत मिसळते, आणि मासे हळूहळू खालीं जाऊं लागतात. त्याच दिवशीं पानें काढावयास आरंभ करावा.