खेळातील मॉड आणि त्यांची आवृत्ती



बस हाकण्याचा एक इंडोनेशियन खेळ २०१७ साली निघाला. त्यात कित्येक मराठी मुले आपल्या एस.टी.ची ‘लाल परी’ चालवितात. ही गाडी खेळ रचणाऱ्या मंडळींनी दिलेली नाही. हौशी चाहत्यांनी ती घडवून खेळात बसविली. अशा बाहेरून घातलेल्या भरीस ‘मॉड’ म्हणतात. ही हौस कमी लेखण्याजोगी मुळीच नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा जगप्रसिद्ध खेळ १९९९ साली ‘हाफ-लाइफ’चा मॉड म्हणूनच जन्मास आला.

मग सुरळीत चाललेला खेळ मॉड बसविताच मध्येच का कोलमडतो? बडोदेकरांस याचे उत्तर डभोईस सापडेल. गायकवाडी राज्यात १८६२ साली डभोई-मियागाम मार्गावर बैलांनी ओढलेली रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांतील अंतर अडीच फूट होते. जानेवारी २०२१ मध्ये डभोई-चांदोद हा अरुंद मार्ग साडेपाच फुटी होऊन खुला झाला. जुना डबा कितीही भक्कम असला, तरी या रुळांवर तो चालावयाचा कसा? मॉडही असाच खेळाच्या एका विशिष्ट आवृत्तीच्या मापाने घडविलेला असतो.

‘माइनक्राफ्ट’ हा खेळ तुम्हांपैकी बहुतेकांच्या परिचयाचा असेल. त्यात पूर्वी प्रत्येक ठोकळ्यास क्रमांक असे. दगडाचा क्रमांक १. जुलै २०१८ मध्ये आलेल्या १.१३ या आवृत्तीने हे क्रमांक रद्द करून ठोकळे केवळ नावाने ओळखण्याची पद्धत आणली. साहजिकच १.१२.२ साठी लिहिलेले मॉड तेथे निरुपयोगी ठरले. म्हणून उतरवून घेण्यापूर्वी मॉडवर लिहिलेली आवृत्ती आपल्या खेळाशी अक्षरशः ताडून पाहावी. ‘जवळपास तीच आहे’ एवढ्याने भागत नाही. मात्र नवे ते सर्व चांगले, असेही समजू नये. ‘फॉलआउट ४’ या खेळात २५ एप्रिल २०२४ रोजी मोठी सुधारणा झाली आणि त्यावरचे अनेक मॉड बंद पडले. ‘फॉलआउट: लंडन’ हा स्वयंसेवकांनी रचलेला प्रचंड मॉड त्यापायी लांबणीवर पडून जुलैत प्रसिद्ध झाला, आणि तो चालविण्यासाठी खेळ पुन्हा जुन्या आवृत्तीवर न्यावा लागे!

याहून गंभीर गोष्ट पालकांनी ध्यानी घ्यावी. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या काही मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा घातक प्रोग्राम आढळला. तो नामांकित संग्रहांतूनच पसरला, हे विशेष. संगणकातील प्रवेशाची गुप्त माहिती तो चोरी, आणि तेथील इतर मॉडमध्येही शिरे. घरात एकच संगणक असेल, तर वडिलांचे बँकेचे व्यवहारही त्याच यंत्रावर होतात! अनोळखी माणसाने धाडलेली फाइल तर उघडूच नये. आणि ‘विषाणूरोधक आधी बंद करा’ अशी सूचना सोबत असेल, तर ती फाइल तत्काळ पुसावी.

मॉड नकोसा झाला तर काढून टाकू, असे पुष्कळांस वाटते. परंतु ‘माइनक्राफ्ट’मधून मॉड काढला, की त्याच्या ठोकळ्यांनी बांधलेल्या भिंती नाहीशा होऊन तेथे पोकळी उरते. ते जग तसेच साठविले गेले, तर मॉड पुन्हा बसवूनही भिंती परत येत नाहीत. तेव्हा नवा मॉड घालण्यापूर्वी आपल्या जगाच्या संपूर्ण फोल्डरची नक्कल अन्यत्र ठेवावी, आणि एका वेळी एकच मॉड घालून खेळ चालवून पाहावा. बिघाड झालाच, तर तो कोणामुळे हे लगेच उमगते.