आवाज का तुटतो? धाटावच्या ऑफिसातले इंटरनेट फोन

रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत आज आपण डोळ्यांसमोर ठेवू. रसायनांचे कारखाने, प्रत्येकाचं एखादं ऑफिस, टेबलावर इंटरनेट फोन, कानाला वायरलेस हेडसेट. तक्रार एकच: "आवाज तुटतोय!" एरवी ही नुसती कटकट. पण "पंप सुरू करू नका" या वाक्यातला "नका" गळला तर पलीकडच्याला काय ऐकू येईल? म्हणून हा विषय.

यावर पहिला सल्ला मिळतो तो जास्त वेगाचं कनेक्शन घेण्याचा. जरा हिशोब करू. फोन आपल्या बोलण्याचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. नेहमीच्या जी.७११ पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८७ किलोबिट लागतात. दहा कॉल एकदम चालले तरी एक मेगाबिट पुरतो. मग १०० मेगाबिटच्या लाइनवर आवाज का तुटावा?

कारण आवाजाला वेगापेक्षा वेळेवर पोचणं महत्त्वाचं. अरुंद पुलावर ट्रकांची रांग लागली की मागची मोटारसायकलही अडकते. कुणी मोठी फाइल पाठवतो, सीसीटीव्हीचं चित्रण बाहेर जात असतं, आणि राउटरमध्ये तशीच रांग लागते. फाइल दोन सेकंद उशिरा गेली तर बिघडत नाही. आवाजाचं उशिरा आलेलं पाकीट मात्र फोन टाकूनच देतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा.

उपाय राउटरमध्येच असतो. फोनच्या पाकिटांना आधी वाट द्यायची आणि अपलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवायची. म्हणजे रांग आपल्याच राउटरमध्ये राहते आणि कुणाला पुढे सोडायचं ते आपल्या हातात येतं. टेबलावरचा फोन वायफायवर ठेवू नका, त्याला सरळ केबल द्या. कॉल लागतो पण एकाच बाजूचं ऐकू येतं, असं झालं तर राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करून बघा.

आता हेडसेट. ब्लूटूथ आणि जुनं वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात. ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलून वाट काढतं, पण गर्दी झाली की तेही अडखळतं. कॉम्प्युटर ५ गिगाहर्ट्झवर न्या. हेडसेटचा छोटा रिसीव्हर यूएसबी ३ पोर्टच्या अगदी शेजारी लावू नका. त्या पोर्टचा गोंगाट याच पट्ट्यात येतो. वीतभर एक्स्टेन्शन केबलनेही फरक पडतो. आणि धाटावसारख्या ठिकाणी एक पक्कं लक्षात ठेवा: ज्वालाग्राही वाफा असू शकतील अशा भागात ऑफिसचा साधा हेडसेट घालून जायचं नाही. तिथे त्या जागेसाठी प्रमाणित केलेलीच उपकरणं चालतात.

शेवटी वीज. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून तारेवरूनच सुमारे ४८ व्होल्ट मिळायचे. घरातली वीज गेली तरी तो चालायचा. इंटरनेट फोन चालायला मोडेम, राउटर, स्विच आणि फोन, चारही जिवंत लागतात. पावसाळ्यात कोकणात लाइट जाणं काही नवीन नाही. म्हणून ही पूर्ण साखळी यूपीएसवर घ्या. नुसता कॉम्प्युटर यूपीएसवर असून भागत नाही. त्याशिवाय आणीबाणीसाठी या साखळीवर अवलंबून नसलेला एक चार्ज केलेला मोबाइल ठरलेल्या जागी ठेवा.

दोष शोधताना क्रम पाळा. आधी हेडसेट काढून फोनच्या रिसीव्हरवर बोला. आवाज स्वच्छ आला, तर दोष हेडसेटकडे. तरीही तुटला, तर बाकीचं काम थांबवून पुन्हा बोला. आता सुधारला, तर रांगेचा प्रश्न. तरीही फरक नाही, तर केबल तपासा आणि मग लाइन देणाऱ्याला विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि चाचणी रविवारी रिकाम्या ऑफिसात नको, सगळे कामात असतील तेव्हाच घ्या.