माहितीचे माप: मोहोळचे पंधरा बाइट

माहिती मोजण्याचे मूळ एकक म्हणजे बिट: हो किंवा नाही, यांतली एक निवड. क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये या मोजणीला गणिताचा पाया दिला. आठ बिटांचा एक बाइट. ‘मोहोळ’ हे गावाचे नाव संगणकावर प्रचलित युनिकोड पद्धतीने (यूटीएफ-8) साठवले, की म, ओकार, ह, ओकार आणि ळ या पाच खुणांना प्रत्येकी तीन, म्हणजे 15 बाइट लागतात. तेच नाव रोमन लिपीत पाच बाइटांत मावते. गाव तेच, माप तिप्पट!

जगातल्या माहितीची मोजदाद बर्कली विद्यापीठाच्या पीटर लायमन आणि हॅल व्हेरियन यांनी केली. त्यांच्या अंदाजाने 2002 या एका वर्षात सुमारे पाच एक्साबाइट नवी माहिती साठवली गेली. एक्साबाइट म्हणजे एकावर अठरा शून्ये इतके बाइट. त्या नव्या माहितीत कागदाचा वाटा अवघा 0.01 टक्का होता.

पण आकार म्हणजे आशय नव्हे. मोहोळ तालुक्यातल्या सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात तलाठी ‘ज्वारी’ लिहीत. ते आज 18 बाइट भरते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आता शेतकरी बांधावरून पिकाचा फोटो चढवतो. तीन मेगाबाइटचा फोटो त्या शब्दाच्या दीड लाखांहून अधिक पट भरतो. फोटोतून जागेवरचा पुरावा मिळतो, तो मोलाचाच. पीक मात्र ज्वारीच. म्हणून मार्टिन हिल्बर्ट आणि प्रिसिला लोपेझ यांनी माहिती आधी शक्य तितकी आवळून मग मोजली. 2007 सालची जगाची साठवणक्षमता त्यांच्या हिशेबाने 295 एक्साबाइट भरली.