जिन्यावरून घरंगळलेली बंदूक

जन्मात कधी शस्त्र हाती न धरलेली एक गृहिणी घाबरत घाबरत बंदूक चालवते. धक्क्याने ती बंदूक तिच्या हातून निसटते आणि जिन्यावरून एकेक पायरी घरंगळत खाली जाऊ लागते. प्रत्येक पायरीवर ती उसळी घेते, प्रत्येक उसळीसरशी गोळ्या सुटतात आणि धावून येणारे शत्रू एकामागून एक कोसळतात. जुलै १९९४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'ट्रू लाइज' या चित्रपटातील हा प्रसंग. गुप्तहेर, हाणामारी आणि विनोद यांच्या मिश्रणातून बनलेल्या हलक्याफुलक्या चित्रपटांचा विषय निघाला की आज तीस वर्षांनंतरही प्रेक्षक या जिन्याची आठवण काढतात, आणि हसत हसत काढतात. त्या जिन्यावर माणसे किती पडली, हे क्वचितच कोणी मोजले असेल.

दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांना या कथेचे बीज फ्रान्समध्ये मिळाले. क्लॉड झिदी यांचा 'ला तोताल' हा १९९१ सालचा फ्रेंच विनोदी चित्रपट त्याचा आधार आहे. कॅमेरॉन यांनी त्या घरगुती विनोदाला अवाढव्य रूप दिले. चित्रपटाचा खर्च १० कोटी डॉलरच्या घरात गेला, जो त्या काळी डोळे विस्फारणारा होता. अमेरिकी मरीन दलाकडून हॅरियर विमाने भाड्याने घेण्यात आली. जगभरातून सुमारे ३७ कोटी ८० लाख डॉलर जमा झाले आणि त्या वर्षी 'द लायन किंग' व 'फॉरेस्ट गम्प' या दोघांनंतर याच चित्रपटाचा क्रमांक लागला. व्यापाराच्या भाषेत सौदा फायद्यात राहिला.

नायक हॅरी टास्कर (अरनॉल्ड श्वार्झनेगर) हा सरकारच्या अत्यंत गुप्त विभागातील हेर. घरी मात्र पत्नी हेलन आणि वयात येऊ लागलेली मुलगी यांच्या लेखी तो संगणक विकणारा एक नीरस माणूस आहे. इतका नीरस, की झोप येत नसेल तर आपण नवऱ्याला दिवसभर काय काय झाले ते विचारतो आणि क्षणार्धात डोळा लागतो, असे हेलन आपल्या मैत्रिणीला सांगते. ज्याच्यावर कोणाला यत्किंचितही संशय येणार नाही असा कंटाळवाणा माणूस म्हणून लेखकाला विक्रेताच सुचावा, याचे पेढीवर आयुष्य घालवलेल्या वाचकांना थोडे वैषम्य वाटेल. पुढे दुसरा विक्रेता येतो तो याच्या नेमका उलट. सायमन हा जुन्या मोटारी विकतो आणि स्त्रियांवर छाप पाडण्यासाठी आपण हेर असल्याची बतावणी करतो. वर्तमानपत्रात छापून आलेला हॅरीचाच पराक्रम तो स्वतःच्या नावावर खपवतो, आणि तोही हॅरीच्याच पत्नीपुढे. खरा हेर विक्रेता असल्याचे खोटे सांगतो आणि खरा विक्रेता हेर असल्याचे. बिल पॅक्स्टन यांनी रंगवलेला हा भित्रा थापाड्या प्रेक्षकांनी मनापासून उचलून धरला, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

या चित्रपटाची बाजू घेणारे प्रेक्षक बहुधा याच भागाविषयी भरभरून बोलतात. त्यांच्या मते स्फोट आणि विमाने हा नुसता देखावा आहे. गाभा आहे तो एकमेकांना न ओळखणाऱ्या पतिपत्नींचा. वर्षानुवर्षे एका छताखाली राहून एकाने खरे सांगितले नाही आणि दुसऱ्याने विचारले नाही, ही गोष्ट कोणत्याही देशातील संसारी माणसाला कळते. जेमी ली कर्टिस यांनी हेलनचे अवघडलेपण, तिची धांदल आणि आपल्यालाही काही जमते हे उमगल्यावर येणारे तेज इतके नेमके दाखवले की त्या वर्षीच्या विनोदी अथवा संगीतप्रधान चित्रपटांतील सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोब पुरस्कार त्यांनाच मिळाला. पुष्कळ स्त्री प्रेक्षकांनी मात्र त्याच धाग्यातील एक गाठ दाखवून दिली. पत्नीवर संशय येताच हॅरी सरकारी यंत्रणा तिच्या मागावर लावतो, तिचे बोलणे चोरून ऐकतो, आवाज बदलून काचेआडून तिची उलटतपासणी घेतो, आणि अखेर खोटी कामगिरी सोपवून तिला एका खोलीत परक्या पुरुषासमोर म्हणून नाचायला लावतो. अंधारात बसलेला तो पुरुष तोच असतो. ज्याने स्वतः इतकी वर्षे असत्य सांगितले त्याला पत्नीच्या एका लपवाछपवीची शिक्षा देण्याचा अधिकार कोणी दिला, हा त्या प्रेक्षकांचा प्रश्न चित्रपट हसण्यावारी नेतो. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत खोटा दस्तऐवज करणे आणि ठेव बुडवणे यांच्याच पंक्तीला स्त्रीपुरुषांचे एकांतातील गुह्य उघडे करणेही मांडलेले आहे, हे जाणणाऱ्यांना तो प्रश्न अधिकच बोचेल.

आणखी एक आक्षेप प्रदर्शनाच्या वेळीच रस्त्यावर आला. चित्रपटातील खलनायक अरब दहशतवादी आहेत. क्रूर, आणि त्याहून अधिक मूर्ख. त्यांचा म्होरक्या चित्रफितीसमोर उभा राहून अमेरिकेला धमकी देत असतो आणि नेमकी तेव्हाच कॅमेऱ्याची बॅटरी संपते. चित्रपटगृह खदखदून हसते. अरब-अमेरिकन संघटनांना मात्र हसू आले नाही. त्यांनी निदर्शने केली. आपल्या मुलांना शाळेत आणि शेजारात ज्या नजरेने पाहिले जाते ती नजर अशाच चित्रपटांतून घडते, असे त्यांचे म्हणणे होते. निर्मात्यांनी अखेरच्या श्रेयनामावलीत, ही काल्पनिक कथा असून कोणत्याही संस्कृतीच्या अथवा धर्माच्या कृती किंवा श्रद्धा ती दाखवत नाही, अशा अर्थाचा खुलासा घातला. नायकाच्या पथकात एक अरब-अमेरिकन सहकारी आहे, याकडेही समर्थकांनी बोट दाखवले. श्रेयनामावली सुरू होताच खुर्च्या रिकाम्या होतात, तेव्हा त्या खुलाशाचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

व्यापारी समाजाला ही तक्रार परकी वाटू नये. 'मदर इंडिया' (१९५७) मधील सुखीलालापासून हिंदी पडद्यावरचा सावकार पिढ्यानपिढ्या एकाच साच्यातून निघत आला आहे: लाल चोपडी, लबाड हसू, गरिबाच्या जमिनीवर डोळा. विनोदी चित्रपटांत त्याच सेठजींची बोली आणि पोट यांवर प्रेक्षक हसले. दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणारे, पांजरपोळ आणि धर्मशाळा चालवणारे व्यापारी त्या पडद्यावर क्वचितच दिसले. हसणाऱ्याच्या मनात द्वेष नसतोही कदाचित. पण ज्याच्यावर हसले जाते त्याला ते हसू घरापर्यंत सोबत न्यावे लागते.

आता पुन्हा जिन्याकडे. चित्रपटात सत्य बोलायला लावणारे औषध टोचल्यावर हॅरीला पत्नी विचारते, तुम्ही कधी कोणाला मारले आहे काय? तो म्हणतो, होय, पण ते सगळे वाईट होते. ही ओळ चित्रपटातील सर्वांत लाडकी ओळ ठरली. वरवर पाहता श्रावकाचारालाही हे उत्तर अगदीच अमान्य नाही. गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले जातात. त्यांतील संकल्पी हिंसेचा त्याग गृहस्थाने करायचाच असतो. उरलेल्या तीन त्याला पूर्णपणे टाळता येत नाहीत, म्हणून तो त्या शक्य तितक्या कमी करतो. अण्वस्त्र घेऊन शहर उडवायला निघालेल्यांना रोखणारा हॅरी आपली हिंसा विरोधी प्रकारात बसवू शकेल. राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धरणारे जैन सेनापती इतिहासात झाले आहेत. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची मूर्ती ज्यांनी घडवून घेतली ते चामुंडराय गंग राज्याचे सेनानीच होते.

अडचण हॅरीची नाही, खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाची आहे. त्याच्यासमोर शत्रू उभा नाही. तो शेत नांगरत नाही, चूल पेटवत नाही, धंदा करत नाही. तेव्हा विरोधी, आरंभी, उद्योगी यांपैकी एकही सबब त्याला उपलब्ध नाही. कृत नाही, कारित नाही. उरते ती अनुमोदना. पडलेल्या प्रत्येक देहाला त्याने हसून दिलेली संमती.

यावर चित्रपटप्रेमींचे उत्तर तयार असते, आणि ते ऐकून घेण्याजोगे आहे. ते म्हणतात, कोणीही मेलेले नाही. दृश्य संपताच सारे नट उठून चहा पिऊ लागले. शिवाय जिन्यावरच्या प्रसंगात हसू येते ते मरणाला येत नाही, तर निर्जीव वस्तू माणसासारखी वागू लागते त्याला येते. मूकपटांच्या काळात बस्टर कीटन यांच्याभोवती घरे आणि यंत्रे अशीच स्वतःच्या मर्जीने वागत. यात तथ्य आहे. हेलनच्या मनात कोणाचा घात करण्याचा संकल्प नव्हता, आणि ती वाचल्याचा आनंद हा त्या हसण्यातला मोठा भाग आहे. परंतु पहिला मुद्दा जैन वाचकापुढे टिकणे अवघड. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' ग्रंथात हिंसेचे माप परिणामावरून, म्हणजे मनातील भावावरून लावले आहे. कोणी प्रत्यक्ष हिंसा न करताही तिच्या फळाचा धनी होतो, तर दुसऱ्याच्या हातून ती घडूनही तो त्या फळाचा धनी होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मग नट जिवंत आहेत की नाहीत यावर प्रेक्षकाचा हिशेब संपत नाही. आणि हास्याला तर शास्त्राने कधीच निरुपद्रवी मानलेले नाही. नऊ नोकषायांत पहिले नाव हास्याचे आहे. सत्यव्रत दृढ व्हावे म्हणून सांगितलेल्या भावनांत क्रोध, लोभ आणि भय यांच्याबरोबरीने हास्याचाही त्याग येतो, आणि अनर्थदंडाच्या प्रकारांत मन कलुषित करणाऱ्या कथा ऐकणे, म्हणजे दुःश्रुती, स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. 'ट्रू लाइज' हे नाव मराठीत आणायचे तर 'खरीखुरी असत्ये' असे काहीसे होईल. असत्य आणि हास्य यांचे नाते व्रतांची मांडणी करणाऱ्या आचार्यांना फार आधी दिसले होते.

म्हणून हा चित्रपट कपाटात बंद करावा, असे म्हणणे मात्र उतावळेपणाचे होईल, कारण त्याच चित्रपटात एक घोडा आहे. मोटारसायकलवरून पळणाऱ्या दहशतवाद्याचा पाठलाग हॅरी पोलिसांच्या घोड्यावरून करतो. घोडा हॉटेलच्या दालनातून धावतो, वृद्ध जोडप्याच्या शेजारी लिफ्टमध्ये अंग चोरून उभा राहतो आणि गच्चीवर पोहोचतो. पळणारा माणूस शेजारच्या इमारतीवरील जलतरण तलावात उडी घेतो. हॅरी घोड्यालाही टाच मारतो. घोडा भरधाव कठड्यापर्यंत येतो, खाली पाहतो आणि थांबतो. मग गच्चीवर उभा राहून नायक घोड्यालाच खडसावतो. येथेही चित्रपटगृह हसते, आणि जिन्यापेक्षा कमी हसत नाही. या हसण्यासाठी कोणालाही पडावे लागलेले नाही. सगळ्या चित्रपटात शहाणपणाने वागलेला जीव तो एकच, तिर्यंच. कॅमेरॉन यांच्यापाशी रक्ताशिवाय हसवण्याची कला भरपूर होती. जिन्यावर तिची गरज त्यांना वाटली नाही.

अमेरिकेत या चित्रपटास 'आर' प्रमाणपत्र होते. १७ वर्षांखालील मुलांना पालकांविना प्रवेश नव्हता. घरातल्या टीव्हीला दारावर उभा राहणारा तिकीट तपासनीस नसतो. रविवारी दुपारी आजोबांच्या शेजारी बसलेला नातू जिन्याचा प्रसंग पाहून टाळ्या पिटतो आणि हॅरीचेच वाक्य प्रश्न करून विचारतो, "आजोबा, ते सगळे वाईटच होते ना?" या प्रश्नावर वाहिनी बदलणे सोपे आहे. उत्तर द्यायला बसले तर संध्याकाळच्या जेवणाची वेळ होईल, आणि ते उत्तम होईल.

काळानेही या हसण्याची फेरतपासणी केली. दुसरा भाग काढण्याचा विचार बरीच वर्षे चालू होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॅमेरॉन यांनीच तो सोडून दिला. दहशतवाद ही आता थट्टेने घेण्याची गोष्ट राहिली नाही, अशी त्यांची भूमिका होती. २०२३ मध्ये याच नावाची दूरचित्रवाणी मालिका आली आणि एकाच हंगामात बंद पडली.

मूळ चित्रपटाच्या अखेरीस दहशतवाद्यांचा म्होरक्या विमानाच्या क्षेपणास्त्राला लटकतो. हॅरी एक चुरचुरीत वाक्य टाकून कळ दाबतो, क्षेपणास्त्र त्याला घेऊन उडते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. तो म्होरक्या साकारणारे आर्ट मलिक यांचा जन्म बहावलपूरचा. १९ वर्षांनी, २०१३ मध्ये, ते भारतीय प्रेक्षकांसमोर 'भाग मिल्खा भाग' या चित्रपटात मिल्खासिंग यांचे वडील म्हणून आले. फाळणीच्या दंगलीत ते मारले जातात, आणि मरता मरता मुलाला पळ म्हणून सांगतात. त्या वेळी चित्रपटगृहात कोणी हसले नाही.